शेंड्याची चार पानं

२ जुलै

ठमे,

फोनच करणार होते. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला असता तर मी आधी भांडले असते, मग रडले असते, आणि कामाचं बोलणं राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र.

तुझे दादा जाऊन आज सोळा दिवस झाले. त्या दिवशी तू आलीस, भिंतीला टेकून बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, हे आल्यागेल्या सगळ्यांनी पाहिलं. जाऊ दे. तीन वर्षं बोलली नाहीस, त्यात आणखी एक दिवस.

काम असं आहे. ह्यांचं एक वांग्याचं झाड आहे. तुझं येणं बंद झाल्यावर ते जन्माला आलं, त्यामुळे तू पाहिलेलं नाहीस. बारा वर्षं हे मागच्या जाळीखाली बसून एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर लावत होते. दिवसभर दुकानात दुसऱ्यांचं बियाणं तोलायचं आणि घरी येऊन स्वतःचं करायचं. निघालं काय, तर ज्याच्या पोटात बीच नाही असं वांगं. मी एकदाच खाल्लंय, भाजून, नुसतं मीठ लावून. खरं सांगते, बारा वर्षांचा राग निम्मा उतरला माझा. पण बी नाही म्हणजे पुढे वंश नाही. फांदी लावली तर कुजते. ते एकच झाड आहे, आणि हे गेल्यापासून तेही पिवळं पडत चाललंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जाळीखाली मला पाऊल ठेवू देत नव्हते, म्हणायचे, तू शिवणाच्या मशीनवर बस, तिथे तू राणी.

तू तिकडे प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यापासून झाडं करतेस ना? हे सगळ्यांना सांगत फिरायचे. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी तुला एक पाकीट पाठवलं होतं. हात थरथरत होता म्हणून पत्ता मी घातला. आत काय होतं ते मला दाखवलं नाही, चिकटवूनच हातात दिलं. ते मिळालं का? मग शेवटपर्यंत त्यांनी रोज विचारलं, ठमीचं काही आलं का.

हे झाड वाचव. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही.

वहिनी

८ जुलै

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मे महिन्यातलं पाकीट मात्र मिळालं नाही. हल्ली टपालाचा भरवसा राहिलेला नाही.

झाडाचं करता येईल. आमच्या मोठ्या बाईंना विचारलं, कामाची वेळ संपल्यावर कर म्हणाल्या. पानं पाठवताना एवढं पाळा. पान कोवळं आणि ताजं हवं. पिवळं, डाग पडलेलं, जून झालेलं अजिबात नको, त्यातून काही निघत नाही आणि बुरशी मात्र येते. सकाळी तोडा. ओल्या कागदात गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोन भोकं. पाच-सहा पानं पुरे. त्याच दिवशी टपालात टाका.

तब्येतीला जपा.

ठमी

१३ जुलै

ठमे,

पूर्वी मला तू म्हणायचीस, आता तुम्ही झाले. चला, नवरा गेल्यावर तेवढा तरी मान वाढला.

आता ऐक. तुझं पत्र घेऊनच जाळीखाली गेले. झाड पाहून धीरच सुटला. शेंड्याला चारच पानं उरली होती, हिरवी, पण जाड झालेली आणि त्यावर तपकिरी ठिपके. तू लिहिलंयस डाग नको, जून नको. मी तिथेच मटकन बसले. आणि बसले म्हणून दिसलं. अगदी बुडाशी, मातीला लागून, एक नवा फुटवा आलाय. वीतभर उंच, हिरवागार, पानं कशी लुसलुशीत. ह्यांच्या झाडाने पुन्हा जीव धरलाय, ठमे. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन, तेही एकटीच, मातीत फतकल मारून.

तिथली सहा पानं पाठवते आहे. कागद ओला केलाय, भोकं पाडलीत, दोनच, तिसरं नाही. आता तुझ्या हातात.

तुझी वहिनी

१९ जुलै

वहिनी,

पानं छान पोचली, अगदी टवटवीत. काल संध्याकाळी लावली. आमची लावायची खोली म्हणजे न्हाणीघराएवढी, चपला बाहेर, डोक्याला टोपी. समोर काचेचं कपाट, त्यातून गाळलेली हवा सारखी अंगावर येते. पानं आधी साबणाने, मग ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा. मग दिव्यावर तापवलेल्या सुरीने नखाएवढे चौकोन कापायचे आणि बाटलीतल्या जेलीवर ठेवायचे. जेलीत साखर, क्षार आणि औषधाचे दोन थेंब असतात. त्या औषधाने पान आपण पान आहोत हे विसरतं आणि नव्याने वाढायला लागतं. साठ तुकडे झाले. बाटल्यांवर दादाचं नाव घातलंय.

तुकडे कापताना हात थांबला माझा. रोज शेकड्याने कापते, पण काल थांबला.

तुम्ही म्हटलेलं तुला आवडलं नाही, म्हणून पुन्हा तू.

ठमी

३० जुलै

ठमे,

पानाच्या चौकोनातून झाड निघतं म्हणजे कापडाच्या चिंधीतून आख्खा झगा उगवण्यासारखं झालं. तसं असतं तर मी केव्हाच श्रीमंत झाले असते. पण तू सांगतेस म्हणजे खरं असणार.

इकडे वरचं झाड अगदीच सुकत चाललंय. ती चार पानंही मरगळली. मला वाटलं, आता ह्याला पोसण्यात बुडातल्या फुटव्याचं बळ जातंय. दोन दिवस विचार केला. विचारणार कुणाला? शेवटी आज सकाळी वरचा भाग कापून टाकला. दुसरं काही सापडेना, तेव्हा माझ्या कापडाच्या कात्रीने कापला. त्या कात्रीने मी कधी कुणाला दोराही कापू देत नाही. कात्रीची धार गेली, ती जाऊ दे. खालचा फुटवा चार दिवसांत बघ कसा उसळेल.

बाटल्यांचं कळव. मी रोज पोस्टमनची वाट बघते, म्हणजे आता मीही ह्यांच्यासारखीच झाले.

वहिनी

२४ ऑगस्ट

वहिनी,

साठातले सतरा बुरशीने गेले, ते जाणारच होते. बाकीच्यांना कडेने हिरवट, खडबडीत गाठी आल्यात, आणि काल भिंग लावून पाहिलं तर त्या गाठींवर कोंब. टाचणीच्या डोक्याएवढे. मी मोठ्या बाईंना हाताला धरून ओढत आणलं. त्या म्हणाल्या, तुझ्या भावाचं झाड दांडगं दिसतंय, इतक्या लवकर कुणी फुटत नाही. मला फार बरं वाटलं. हल्ली मी सकाळी आल्या आल्या आधी त्याच फळीकडे जाते, मग बाकीची कामं.

एक विचारू? तीन वर्षं विचारायचं होतं. आई आजारी होती तेव्हा तू लिहिलं होतंस, काळजी करू नकोस, येण्याइतकं काही नाही. मी आले नाही आणि पाचव्या दिवशी आई गेली. मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. तू तसं का लिहिलंस?

ठमी

१ सप्टेंबर

ठमे,

बरं झालं विचारलंस. तीन वर्षं तू तोंड फिरवून बसलीस, पण हे एक वाक्य काही विचारलं नाहीस.

मला खरंच वाटलं होतं की त्या उठतील. त्या आठवड्यात त्या माझ्याशी भांडल्या होत्या, कोबी बारीक चिरला नाही म्हणून. भांडणारं माणूस मरत नाही असं मला वाटायचं. तुझे दादा म्हणत होते, ठमीला बोलावू. मीच म्हटलं, तिला नवीन नोकरी आहे, उगाच कशाला धावपळ. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू पत्रं उघडेनाशी झालीस. दोन परत आली, तुझ्याच अक्षरात वर लिहिलेलं, परत पाठवा. तिसरं मी पाठवलं नाही.

ह्यांना त्याचं फार लागलं होतं. सासूबाईंच्या दिवसांतच मला म्हणाले होते, तुम्ही दोघी माझ्या दोन बाजूंना बसून एकमेकींकडे न बघता माझ्याशी बोलता, मान दुखते माझी. शेवटच्या महिन्यात खाट खिडकीशी लावून घेतली. दम लागायचा, बोलवत नव्हतं, तर पोस्टमन दिसला की नुसती मान वर करायचे, आलं का म्हणून. तो बिचारा रोज लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. शेवटी शेवटी तो गल्ली बदलून जायला लागला.

ते पाकीट मिळालं असतं तर किती बरं झालं असतं गं. टपालवाल्यांचं वाटोळं होवो.

कोंबांचं वाचून मी शेजारणीकडे बातमी सांगायला गेले. तिला वाटलं, कुणाला तरी मूल झालं.

वहिनी

६ ऑक्टोबर

वहिनी,

एकेचाळीस रोपं झाली. सगळ्यांना मुळं आली, पांढरीशुभ्र, बाटलीच्या तळाशी गोल फिरलेली. काल ती बाटलीतून काढून, मुळांची जेली धुऊन, ट्रेमध्ये लावली. आता महिनाभर त्यांना बाहेरच्या हवेची सवय करायची. बाटलीतलं रोप म्हणजे लाडावलेलं पोर, वाऱ्याची झुळूक लागली तरी मान टाकतं. वर प्लास्टिक घातलंय, रोज थोडं थोडं उघडायचं.

मागच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. वाचलं होतं. पुन्हा पुन्हा वाचलं.

आईचं माझ्या मनातून गेलं, हे तुला सांगायचं होतं.

ठमी

२८ ऑक्टोबर

ठमे,

वीस-बावीस दिवसांत काही नाही. रोपं कशी आहेत? मी जाळी नवीन शिवून घेतलीय, जुनी फाटली होती, मशीनवर तीन सुया मोडल्या. एकेचाळीस खड्डे खणायला माणूस सांगून ठेवलाय. तो विचारतो, कधी, आणि मी म्हणते, नणंदेला विचारून सांगते. असं म्हणायला बरं वाटतं.

बुडातला फुटवा आता माझ्या कमरेला लागतो. देठांना काटे आलेत, साडी दोनदा अडकली. वांग्याला काटे असतातच, नाही का?

वहिनी

४ नोव्हेंबर

वहिनी,

रोपं ठीक आहेत. थोडा उशीर होईल. कामाची गडबड आहे. खड्डे आत्ताच खणू नकोस.

ठमी

१५ नोव्हेंबर

ठमे,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं आणि काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. तू लहानपणी काचेचं भांडं फोडलंस की अशीच दोन शब्दांत बोलायचीस, हे मला ह्यांनी सांगितलेलं आहे.

मग मी जाळीखाली जाऊन नीट पाहिलं. त्या झाडाला फुलं आलीत. पांढरी, बारीक, झुबक्याने. आणि पहिल्या फुलांच्या जागी वाटाण्याएवढी फळं धरलीत, हिरवी, कडक. एक फोडून पाहिलं. आत बियाच बिया. ठमे, ह्यांच्या झाडाला जांभळं फूल यायचं, एकेकटं, मोठं. एवढं मला माहीत आहे, मशीनवरून दिसायचं.

शेजारणीचा भाऊ बागेत कामाला आहे, त्याला बोलावलं. त्याने बुंधा हाताने चाचपला आणि एक जाड गाठ दाखवली. म्हणाला, हे कलम आहे बाई. खाली रानवांगं आहे, त्यावर चांगलं झाड बांधलं होतं. चांगलं ते वर होतं. बुडातून आलं ते रान.

म्हणजे मी रानाची पानं पाठवली. आणि ह्यांचं जे खरं होतं ते माझ्याच कात्रीने कापून उकिरड्यावर टाकलं. मी गेले तिथे. साडेतीन महिने झाले, काय मिळणार.

बारा वर्षं त्यांनी मला जाळीखाली येऊ दिलं नाही ते बरोबरच होतं. एक दिवस गेले आणि सगळं संपवून आले. तुझी काय चूक त्यात, तू मला सांभाळून घेत होतीस. त्या एकेचाळीस रोपांनाही काटे आलेत ना? तेच तू लपवत होतीस. लपवू नकोस. माझ्या हातून झालं, ते मला सोसलं पाहिजे. ह्यांना काय सांगू, एवढंच रोज मनात येतं.

वहिनी

२३ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे. हात धरून ठेवल्यासारखा होतो.

हो, काटे आलेत. पंचवीस ऑक्टोबरलाच दिसले. मी तुला कळवलं नाही. उलट मी काय केलं ते ऐक. आमच्याकडे दुसऱ्या एका लांबट जांभळ्या वांग्याची रोपं आहेत. त्यातली एकेचाळीस मी वेगळी काढली, दादाच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांना लावल्या, खोकंसुद्धा बांधलं. म्हटलं, वहिनीला कुठे कळणार, ती खूश होईल. खोकं दोन दिवस दाराशी होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं, माझ्याच हातून झालं म्हणणारं. तुझ्या हातून झालेलं नाही.

मे महिन्यातलं पाकीट मला मिळालं होतं. अठ्ठावीस तारखेला. टपालाने काही हरवलं नाही.

वरचा पत्ता तुझ्या अक्षरात होता. मी अक्षर ओळखलं, खण उघडला आणि आत टाकलं. परत पाठवा असंही या वेळी लिहिलं नाही, तेवढाही त्रास घेतला नाही. मला वाटलं, तुझंच असणार. वीस दिवस ते खणात पडलं होतं. त्याच खणात माझी टोपी असते, मी तो रोज उघडत होते. दादा गेल्याचा फोन आला, मी आले, परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं. तुझं काही असेल तर आता तरी बघावं म्हणून. आत ओल्या कागदात चार पानं होती, काळी पडून कुजलेली, आणि घडी घातलेला एक कागद. घडीवर दादाचं अक्षर पाहिलं आणि मला ती उघडवेना. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही ते रागाने, पण त्यानंतर बोलले नाही ते ह्याने. तुझं पत्र आलं तेव्हा पाकीट मिळालं नाही असं लिहिलं. कागद तसाच खणात ठेवला. चार महिने मी तो वाचला नाही.

काटे दिसले त्या संध्याकाळी वाचला. जसा आहे तसा उतरवून देते.

"ठमे, पत्ता तुझ्या वहिनीच्या हातचा आहे, म्हणून लगेच फेकू नकोस. चार पानं पाठवतोय, शेंड्याची. शेंड्याचीच घ्यायची. ह्या झाडाची मुळं सारखी सडायची म्हणून मी ते गेल्या वर्षी रानवांग्याच्या बुंध्यावर बांधलंय. आठ बांधली, एकच जगलं, आता हात चालत नाही. गाठीच्या खालून कधी फुटवा येईल, तो दिसायला छान असतो, तो लगेच खुडायचा, नाहीतर वरच्याला खाऊन टाकतो. हे तुझ्या वहिनीला मी सांगितलेलं नाही. तिला सांगायला बसलं की ती दहा प्रश्न विचारते आणि मला आता दम पुरत नाही. तिला तू सांग. पत्राने नको, फोन करून सांग. तेवढ्यासाठी तरी बोलाल. दादा."

वहिनी, त्याने जे सांगायचं ते मला सांगून ठेवलं होतं. तू मला जुलैत विचारलंस तेव्हा तो कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी वाचला असता तर शेंड्याची पानं पाठव असं लिहिलं असतं. मी लिहिलं, कोवळी आणि ताजी पाठव. तू मी सांगितलं तेच केलंस.

आणि तो खिडकीत बसून मान वर करून विचारत होता तेव्हा पाकीट माझ्या टोपीखाली होतं. हे मला तुझ्या एक सप्टेंबरच्या पत्रातून कळलं, आणि तरी मी तुला सहा ऑक्टोबरला लिहिलं की आईचं माझ्या मनातून गेलं. जणू माफ करायचं मीच होते.

तुझं झाड मी मारलं. आमच्याकडे दुसरी पानं नाहीत, काळी झालेली चार आहेत, त्यातून काही होत नाही. मी तरी लावून पाहिली. सगळ्या बाटल्यांत बुरशी आली.

तू मला जे म्हणशील ते मी ऐकेन.

ठमी

२ डिसेंबर

ठमे,

पत्र वाचून मी ते मशीनवर ठेवलं आणि दिवसभर शिवत बसले. सहा उशांचे अभ्रे झाले. सगळे उलटे शिवले गेले, संध्याकाळी उसवले.

शेंड्याला चार पानं होती. मी पाहिली होती. ठिपके होते, पण हिरवी होती. तेरा जुलैला मी त्यांच्यासमोर उभी होते. तेवढं मला सारखं दिसतं.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्यात खोटं आधीच पुष्कळ झालं. मला तुझा राग आलाय. झाडाचाही आहे, बारा वर्षांचा आहे, पण तो कमी. खिडकीचा जास्त आहे. चार ओळींचं कार्ड टाकलं असतंस, पाकीट मिळालं, एवढंच, न वाचता टाकलं असतंस तरी चाललं असतं. माणूस हसत गेलं असतं गं. ती जी मान वर व्हायची ना रोज, ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि आता तुझ्याही जाणार नाही. जाऊही नये, असं मला वाटतं.

आणि ते दुसऱ्या वांग्याचं खोकं. मला कळलं नसतं म्हणतेस. एक घास खाल्ला असता की कळलं असतं.

ह्यांच्यावरही चिडले. बत्तीस वर्षं संसार केला आणि एवढी गोष्ट मला सांगायला दम पुरला नाही. मी दहा प्रश्न विचारते म्हणे. दहा विचारले असते तर झाड जगलं असतं. पण त्यांना आपल्या दोघींना बोलायला लावायचं होतं, झाडापेक्षा त्याची पडली होती. डोकं कुणाचं, तुझ्याच भावाचं. हे वाचलं आणि मी रडले, ते गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले. शेजारीण आली, तिला काय सांगणार, कोण कुणाला कशासाठी रडतंय ते. म्हटलं, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता.

त्या एकेचाळीस रोपांचं काय करायचं ते तू बघ, मला नकोत. इथलं रान मी उपटलं. माणूस बोलावला होता खड्ड्यांसाठी, त्याच्याकडून उपटून घेतलं.

आता कामाचं. हा सगळा राग मला पत्रात मावत नाही. लिहिता लिहिता हात दुखतो आणि अर्धं राहून जातं, आणि तू तिकडे वाचून रडत बसतेस, ते मला दिसतसुद्धा नाही. भांडायला माणूस समोर लागतं. ह्यांच्यावरून माझ्याशी भांडेल असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सासूबाई नाहीत, हे नाहीत. बाकीचे लोक येतात आणि फार चांगला माणूस होता म्हणतात. ते ऐकून माझं डोकं उठतं.

तर शनिवारी ये. ह्यांचा तो मूळ कागद घेऊन ये, उतरवलेला नको. तो मला हातात हवाय, कारण त्यात माझ्याबद्दल आहे आणि तो मी वाचलेला नाही. फोन करून सांग असं त्यांनी लिहिलं होतं, ते तू केलं नाहीस, म्हणून आता तोंडाने सांग. पहिल्यापासून, ते कलम का बांधलं, कसं बांधलं, सगळं. मी दहा प्रश्न विचारणार आहे.

गाडीवर न्यायला मी येणार नाही, तेवढी माया अजून आलेली नाही. जेवून येऊ नकोस.

वहिनी